घरातील माणसांची खतावणी : नैसर्गिक आपत्ती आणि कुटुंबाची पूर्वतयारी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लेखरूप आशय)



भिवंडी हे यंत्रमागाचे आणि कापडाच्या व्यापाराचे नगर आहे. येथील गादीवर रोज रोजमेळ लिहिला जातो, खतावणी होते, वर्षअखेरीस शिल्लक साठा मोजून ताळेबंद मांडला जातो. कोणत्या गोदामात ग्रे कापडाचे किती तागे पडून आहेत, हे मुनिमाला मध्यरात्री उठवून विचारले तरी तो सांगू शकतो. परंतु त्याच पेढीच्या मालकास, आज रात्री आपल्या छपराखाली नेमकी किती माणसे झोपलेली आहेत, असा प्रश्न केला तर उत्तर तितक्या तत्परतेने मिळेलच असे नाही. जिन्याखाली झोपणारा रखवालदार, कारखान्याच्या गाळ्यात मागांच्या मधल्या जागेत पथारी टाकणारे कामगार, वरच्या मजल्यावरील अंथरुणास खिळलेल्या आजी, माहेरपणास आलेली बाळंतीण लेक, ही सारी माणसे मोजायची राहून जातात.

नैसर्गिक आपत्तीच्या पूर्वतयारीचा विचार बहुधा वस्तूंपासून सुरू होतो. विजेरी घ्या, दोरी घ्या, औषधांची पेटी घ्या, असे सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु त्याच्याही आधी माणसांची खतावणी व्हावयास हवी. आधी माणसे, मग कागद आणि सर्वांत शेवटी माल, हा क्रम कोरड्या दिवशी, शांत चित्ताने, घरातील सर्वांनी मिळून ठरवून ठेवणे हाच पूर्वतयारीचा गाभा होय. पाणी उंबऱ्याशी आल्यावर क्रम ठरवू म्हटले, तर व्यापाऱ्याचा हात सवयीने मालाकडेच जातो.

पाण्याचा स्वभाव

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबई-ठाणे परिसरातील कोणीही विसरू शकणार नाही. त्या चोवीस तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास पडलेला पाऊस सुमारे ७४ मिलिमीटर इतकाच होता. एकाच शहराच्या दोन टोकांत एवढी तफावत! उल्हास नदीने पात्र सोडले आणि बदलापूर, कल्याण या भागांत हाहाकार उडाला. महाराष्ट्रात या अतिवृष्टीने एक हजाराहून अधिक माणसे दगावली.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एक हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर त्या दिवशीचा सांताक्रूझचा पाऊस पडला, तर सुमारे ८७ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ नऊ टँकर पाणी जमते. ते एकाच गच्चीचे पाणी झाले. सगळ्या गावाच्या गच्च्या, रस्ते आणि मैदाने यांचे पाणी ज्या नाल्यांतून जावयाचे, ते नाले प्लॅस्टिक आणि चिंध्यांनी तुंबलेले असतील तर काय होते, हे सांगावयास नको.

भिवंडीची रचनाही ध्यानात घ्यावी. शहराच्या कडेने कामवारी नदी वाहते आणि पुढे खाडीला मिळते. पावसाचा जोर आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की नदीच्या पाण्यास बाहेर पडण्यास वाट मिळत नाही, ते मागे फुगते. त्यामुळे तीनबत्ती, भाजी मार्केट, निजामपुरा, ईदगाह रोड, नदीनाका या सखल भागांत अनेक पावसाळ्यांत पाणी शिरलेले आहे. म्हणून पावसाळ्यात घरातील एका व्यक्तीने दोन गोष्टी रोज पाहाव्यात, हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘मुसळधार’, ११५.६ पासून ‘अतिमुसळधार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत मुसळधार’ पाऊस मानला जातो. नारिंगी इशारा मिळाला की सज्ज व्हावे, तांबडा इशारा मिळाला की कृती करावी. मात्र कुलाबा-सांताक्रूझचे उदाहरण स्मरून, इशारा जिल्ह्याचा असतो आणि पाणी गल्लीत शिरते, हेही विसरू नये. आपल्या गल्लीत पूर्वी कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले होते, ते वडीलधाऱ्यांस विचारून भिंतीवर रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. त्या रेघेखाली विजेचे मीटर, धान्य वा दस्तऐवज काहीही नसावे.

माणसांची यादी

एका वहीच्या पानावर घरातील व व्यवसायाच्या जागेतील प्रत्येकाचे नाव लिहावे. नावापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात. ती व्यक्ती रात्री कोठे झोपते, तिला स्वतः जिना चढता-उतरता येतो काय आणि तिला कोणते औषध रोज लागते. ज्यांना चालता येत नाही, त्यांच्या नावापुढे त्यांना उचलणाऱ्या दोघांची नावे लिहावीत. एकाचे पुरत नाही, कारण तो एकजण नेमका त्या दिवशी परगावी असू शकतो.

जैन कुटुंबांत याबाबत एक विशेष दक्षता आवश्यक आहे. अतिवृष्टीचा काळ आणि चातुर्मास यांचा काळ एकच आहे. श्रावण-भाद्रपदात घरोघरी उपवास, एकासणे, अठ्ठाई, मासक्षमण चालू असतात. आठ दिवसांचा उपवास झालेल्या श्राविकेस गुडघाभर पाण्यातून चालत जाणे शक्य होईल असे धरून चालता येत नाही. म्हणून चातुर्मास सुरू होताना ही यादी पुन्हा वाचावी आणि तपस्या करणाऱ्यांची नावे ‘उचलून न्यावयाच्या’ रकान्यात घ्यावीत. उपाश्रयात स्थिरवास असलेल्या साधु-साध्वींना, त्यांच्या आचाराच्या मर्यादा सांभाळून, जवळच्या कोणत्या उंच वास्तूत नेता येईल, हे संघाने त्यांच्याशी विचारविनिमय करून आधीच निश्चित करावे.

यादीतील सर्वांत उपेक्षित नावे कामगारांची असतात. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेली ही माणसे पुष्कळदा तळमजल्यावरील कारखान्यातच राहतात. पाणी प्रथम तेथेच शिरते आणि वीजही तेथेच सर्वाधिक असते. मालक वरच्या मजल्यावर वा दुसऱ्या पेठेत सुरक्षित असतो. अशा वेळी मुख्य खटका कोणी बंद करावयाचा, गाळ्याच्या दाराची किल्ली कोणाजवळ असावी आणि वर जाण्याचा जिना रात्री उघडा राहील याची जबाबदारी कोणाची, हे त्या कामगारांसमक्ष ठरले पाहिजे. बाहेरून कुलूप लावून आत माणसे झोपविणे ही पद्धत कोठे असेल तर ती त्याच दिवशी बंद झाली पाहिजे. गोठ्यातील मुक्या जीवांचाही येथे विसर पडू नये. पाणी वाढू लागताच त्यांची दावी सोडावीत.

तीन दिवसांची शिदोरी

मोठ्या आपत्तीत मदत पोहोचण्यास अवधी लागतो. तेवढा काळ, किमान तीन दिवस, कुटुंबाने स्वतःच्या बळावर निभवावे अशी तयारी असावी. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी दररोज चार लिटर पाणी धरले, तर सहा जणांच्या कुटुंबास तीन दिवसांकरिता ७२ लिटर पाणी लागते. तेवढे पाणी झाकणाच्या स्वच्छ भांड्यांत, वरच्या मजल्यावर किंवा माळ्यावर, पावसाळाभर आलटून पालटून भरलेले असावे.

उकळलेलेच पाणी पिण्याचा नियम अनेक घरांत आहे आणि पुराच्या दिवसांत तो आरोग्याच्या दृष्टीनेही श्रेयस्कर ठरतो. मात्र चातुर्मासात उकळलेल्या पाण्याची मर्यादा तीन प्रहरांची मानली जाते, म्हणजे पाणी पुन्हा पुन्हा उकळावे लागणार. त्याकरिता इंधन हवे. पाच किलोचा लहान सिलिंडर व एक शेगडी उंचावर ठेवलेली असल्यास ही अडचण येत नाही. तसेच सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांसाठी शिजविल्याविना चालणारे अन्न हाताशी असावे. खाखरे, चुरमुरे, भाजलेले चणे, दुधाची भुकटी, गूळ आणि साखर हे पदार्थ टिकतात व आपल्या घरात नेहमीच असतात. ते हवाबंद डब्यांत एकत्र ठेवणे एवढेच करावयाचे आहे.

त्यांच्याच शेजारी एका पिशवीत विजेरी व तिचे सेल, चार्ज केलेली पॉवर बँक, शिट्टी, दोरी, पंधरा दिवस पुरतील इतकी नेहमीची औषधे, लहान मुलांचे व स्त्रियांचे आवश्यक सामान, चष्म्याची दुसरी जोडी आणि सुट्ट्या नोटा ठेवाव्यात. वीज गेली की मोबाइलवरून पैसे देणेही बंद पडते. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक मोबाइलच्या भरवशावर न ठेवता कागदावर लिहून दाराच्या आतील बाजूस चिकटवावेत. सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२, अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, हे चार क्रमांक घरातील दहा वर्षांच्या मुलासही पाठ असावेत.

कागद आणि विमा

मालमत्तेचे दस्त, विम्याची पॉलिसी, बँकेची पुस्तके, आधार व शिधापत्रिका, शाळा-महाविद्यालयाची प्रमाणपत्रे, डॉक्टरांची कागदपत्रे हे सारे एका जलरोधक पाकिटात, एकाच ठिकाणी असावे. त्यांची छायाचित्रे दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवावीत. व्यवसायाचे हिशेब संगणकावर असतील, तर त्यांची प्रत त्याच गाळ्यात ठेवून उपयोग नाही, ती अन्यत्र हवी.

विम्याबाबत व्यापारी वर्गात एक मोठा गैरसमज आढळतो. हप्ता कमी बसावा म्हणून मालाची किंमत कमी दाखविली जाते. समजा, गोदामात ४० लाखांचा माल आहे आणि विमा २० लाखांचा उतरविला आहे. पुरात १० लाखांचा माल भिजला. मालकास वाटते, विमा २० लाखांचा आहे, तेव्हा १० लाख पूर्ण मिळतील. प्रत्यक्षात विमा निम्म्याच मालाचा असल्याने भरपाईही निम्मीच, म्हणजे ५ लाख इतकीच मिळते. हप्त्यात वाचविलेल्या काही हजारांची ही किंमत असते.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि पाच कोटींपर्यंतच्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ अशा प्रमाणित पॉलिसी लागू झाल्या. त्यांत पूर आणि भूकंप या दोन्ही जोखमींचा समावेश आहे. घराच्या पॉलिसीत इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानही अंतर्भूत असते. पॉलिसी हाती आल्यावर ती वाचावी आणि पत्ता व जागेचे वर्णन बरोबर आहे ना, हे तपासावे. माल तळघरात ठेवलेला असल्यास तसे स्पष्ट लिहून घ्यावे.

शासकीय मदतीवर किती विसंबावे, याचे उत्तर २०२१ च्या महापुराने दिले आहे. त्या वेळी पूरग्रस्त दुकानांसाठी नुकसानीच्या ७५ टक्के, परंतु जास्तीत जास्त ५०,००० रुपये, अशी मदत जाहीर झाली. संकटात तेवढाही आधार मोलाचा असतो. तथापि पन्नास हजारांत कापडाच्या गोदामाचा किती भाग पुन्हा उभा राहतो, हे या सभागृहात बसलेल्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

निघण्याची वेळ

मालाचे रक्षण जेवढे करावयाचे तेवढे पाऊस येण्यापूर्वी करावे. तागे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, रेघेच्या वर रचावेत. पावसाळ्यात तळमजल्यावरील साठा कमी राखावा. पाणी येऊ लागल्यावर मात्र मालास हात लावू नये. गठ्ठे वर चढविण्याच्या धडपडीत भिजलेल्या भिंतीतून विजेचा धक्का बसतो, जिना पाण्याखाली जातो आणि माणूस आत अडकतो.

ऑगस्ट २०१९ च्या कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे घडलेली दुर्घटना या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे. पाण्याने वेढलेल्या गावातून बाहेर पडण्यासाठी माणसे नावेत बसली, नावेत भार अधिक झाला आणि ती उलटली. त्यात अनेकांनी, विशेषतः स्त्रिया व बालकांनी प्राण गमावले. जो रस्ता आदल्या दिवशी पायी पार करता येतो, तोच दुसऱ्या दिवशी नावेनेही सुरक्षित राहत नाही. म्हणून ‘कोठे जायचे’ याबरोबर ‘केव्हा निघायचे’ हेही आधी ठरवावे. उदाहरणार्थ, पाणी गल्लीच्या तोंडाशी आले आणि भरतीस अद्याप दोन तास आहेत, तर वृद्ध, मुले व आजारी यांनी त्याच क्षणी निघावे. मुख्य खटका व गॅस बंद करावा, पिशवी आणि पाकीट उचलावे, दार ओढून घ्यावे.

२६ जुलैच्या रात्री काही जण बंद मोटारींतच गुदमरून दगावले, हेही स्मरणात ठेवावे. पाण्यात गाडी बंद पडली की काच उघडून बाहेर पडावे. गाडी पुन्हा घेता येते. मुले शाळेत, स्त्रिया घरी आणि पुरुष पेठेत असताना आपत्ती आली, तर सर्वांनी एकमेकांना शोधत फिरू नये. शाळा सुरक्षित असेल तर मुलाने शाळेतच थांबावे आणि प्रत्येकाने परगावच्या एका ठराविक नातेवाइकास आपला ठावठिकाणा कळवावा, अशी योजना असावी.

डोक्यावरचे छप्पर

पाण्याखेरीज आणखी एक धोका भिवंडीकरांनी पाहिलेला आहे. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे धामणकर नाका परिसरातील पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळली आणि सुमारे ४० रहिवासी झोपेतच मृत्युमुखी पडले. ही इमारत १९८४ सालची होती. तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने आवश्यक आहे. ‘सी-१’ वर्ग मिळालेली इमारत अतिधोकादायक असते व ती तात्काळ रिकामी करणे अपेक्षित असते. भाडेकरूचा हक्क, मालकाचे पैसे, पुनर्विकासाचे वाद हे सर्व प्रश्न खरे आहेत, पण ते सोडविण्यासाठी माणसे हयात असावी लागतात. खांबांतील उभ्या भेगा, उघड्या पडून गंजलेल्या सळ्या, अचानक न लागणारी दारे, झडणारा गिलावा ही लक्षणे दिसताच अभियंत्यास बोलवावे.

भूकंप तर पूर्वसूचना देतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिव भागात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गाडली. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात तेरा हजारांहून अधिक बळी गेले आणि भिवंडीतील अनेक कुटुंबांच्या मूळ गावांची, देरासरांची पडझड झाली. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी परिसरास नोव्हेंबर २०१८ पासून लहान धक्क्यांची मालिका जाणवली. घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु जड कपाटे व तागे रचलेली मांडणी भिंतीस पक्की जखडणे आणि त्यांच्या खाली कोणासही न झोपविणे, एवढे तर आजच करता येते.

पाणी ओसरल्यानंतर

पाणी ओसरताच आवरासावर करण्याची घाई होते. त्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत, विमा कंपनीस कळवावे आणि पंचनामा होऊ द्यावा. तपासणी झाल्याविना विजेचा खटका लावू नये. २००५ च्या पुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून हा रोग पायांच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. पुराच्या पाण्यात वावर झालेल्या प्रत्येकाने त्वरित डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक औषध घ्यावे आणि ताप आल्यास अंगावर काढू नये.

संघाचे कर्तव्य

किल्लारीच्या भूकंपानंतर श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने आपद्ग्रस्त भागातील १,२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. आपत्तीनंतर धावून जाण्याची ही परंपरा समाजास भूषणावह आहे. तिच्या जोडीस आता आपत्तीपूर्वीचे कार्यही व्हावे.

त्यासाठी फार मोठा निधी लागत नाही. प्रत्येक संघाचे वस्तीपत्रक असते आणि त्यात नाव, गाव व दूरध्वनी छापलेले असतात. त्याच्या जोडीस एक खाजगी नोंदवही करावी. एकटे राहणारे वृद्ध, रुग्ण, अपंग व गर्भवती यांची नोंद तिच्यात असावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे जवळच्या इमारतीतील दोन तरुणांची नावे असावीत. ही वही केवळ जैन घरांपुरती मर्यादित राहू नये, कारण पाणी गल्लीतील एकही घर सोडत नाही. भिवंडीत निरनिराळ्या धर्मांची माणसे एकाच जिन्याने वर-खाली करतात. शेजाऱ्याच्या आजारी आईचे नाव जैन युवकाच्या यादीत आणि जैन आजीचे नाव मोमीन शेजाऱ्याच्या यादीत असेल, तरच ती यादी पुरी झाली असे म्हणता येईल.

दिवाळीस वहीपूजन करून व्यापारी नव्या वर्षाचा हिशेब मांडतो. तद्वत मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरच्या रविवारी, प्रत्येक कुटुंबाने अर्धा तास एकत्र बसून माणसांची ही वही उघडावी. नावे वाचावीत, औषधांच्या तारखा पाहाव्यात, मुख्य खटका प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने बंद करून पाहावा, आजींना खुर्चीत बसवून दोघांनी जिना उतरून पाहावा. या अर्ध्या तासास एक पैसाही खर्च येत नाही. एवढे आवाहन करून हे विवेचन येथे पूर्ण होते.

जय जिनेंद्र.